व्हिनेगरची बाटली आणि कामगाराचे वजन



चालकांनी पत्र पाठवून आम्हांला विषय विचारला, तेव्हा आम्ही नव्या कामगार संहितांवर किंवा कंत्राटी पद्धतीवर बोलू, अशी त्यांची अपेक्षा असावी. गेली तीस वर्षे आम्ही तेच बोलत आलो आहोत, आणि श्रोत्यांपैकी निम्मे लोक तेच ऐकत आले आहेत. आम्ही ‘सफरचंदाचे व्हिनेगर’ असा विषय कळविला, तेव्हा चिटणिसांनी फोन करून विचारले, “लिहिण्यात काही चूक तर झाली नाही ना?” चूक झालेली नव्हती. हा विषय आमच्या कचेरीत आपल्या पायांनी चालत आला, आणि आल्यावर उठून जाईना, म्हणून आज तो आपल्यापुढे ठेवीत आहोत.

आरंभीच एक कबुली देऊन ठेवतो. आम्ही डॉक्टर नव्हे की वैद्य नव्हे. शिक्षण म्हणाल तर दहावी. तीही दुसऱ्या खेपेस. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीत, एस.टी.च्या प्रवासात आणि उसन्या आणलेल्या पुस्तकांवर. इंग्रजी वाचावयास शिकलो ते वेतनकराराच्या मसुद्यात मालकाने कोठे काय दडविले आहे ते कळावे म्हणून. तेव्हा आम्ही जे सांगणार आहोत ते एका चौकस कामगाराने कोश हाताशी घेऊन वाचलेले आहे, एवढेच समजावे. सभेत डॉक्टर मंडळी असतील तर त्यांनी चूक दिसेल तेथे खुशाल उभे राहावे.

आता हकीकत. २०२३ सालच्या पावसाळ्यात आमच्या युनियनच्या एका कारखान्यात ‘आरोग्य सप्ताह’ साजरा झाला. खाण्याचे पदार्थ पुड्यांत भरावयाचे तेथे काम, बायकांची संख्या मोठी, तीन पाळ्या. सप्ताहात सर्वांची वजने झाली, रक्त तपासले गेले, आणि ज्यांचे वजन जास्त भरले अशांची यादी फलकावर लागली. ही यादी लावण्याचा प्रकारच आम्हांला मुळात आवडला नाही, पण ते असो. यादीतल्या प्रत्येकाला कंपनीकडून सफरचंदाच्या व्हिनेगरची एक बाटली आणि एक छापील कागद मिळाला. रोज सकाळी उपाशीपोटी दोन चमचे पाण्यातून घ्यावे, तीन महिन्यांनी पुन्हा वजने होतील, आणि सर्वांत जास्त वजन उतरविणाऱ्याला मिक्सर बक्षीस, असे त्या कागदावर होते.

पॅकिंग खात्यातल्या एक ताई दोनअडीच महिन्यांनी कचेरीत आल्या. वय चव्वेचाळीस. आल्या त्या कंत्राटदाराने कापलेल्या पगाराची तक्रार घेऊन. बोलताना गालावर हात धरून बोलत होत्या. आम्ही विचारले, तर म्हणाल्या, “दादा, दात आंबल्यासारखे झालेत. थंड पाणीसुद्धा लावून घेता येत नाही.” मग हळूहळू सगळे बाहेर आले. पहाटे पाच चाळीसला कारखान्याची बस. पाणी मोजून घालावयास सवड कोणाला? बाई बाटलीच तोंडाला लावीत आणि दोन घोट घेऊन धावत सुटत. याहून वाईट गोष्ट पुढेच होती. त्यांना चार वर्षांपासून मधुमेह होता, आणि व्हिनेगर सुरू केल्यावर त्यांनी ई.एस.आय.च्या दवाखान्यातून मिळणाऱ्या गोळ्या बंद केल्या होत्या. आम्ही कारण विचारले. त्या म्हणाल्या, “गोळ्यांनी शरीर खराब होतं म्हणतात, दादा. आणि हे तर फळाचं आहे.”

त्याच दिवशी त्यांना दवाखान्यात नेले. साखर तीनशेच्या वर निघाली.

त्या रात्रीपासून आम्ही हा विषय वाचावयास घेतला. खरे सांगावयाचे तर आधी आम्ही रागाने वाचीत होतो. पुढे पुढे गोडी लागली.

व्हिनेगर ही वस्तू काही नवी नाही. सफरचंदाचा रस काढून ठेवला की त्यातल्या साखरेचे यीस्टमुळे मद्य होते. इंग्रज त्याला सायडर म्हणतात. ते मद्य हवेत उघडे राहिले की दुसऱ्या जातीचे जंतू त्यात शिरतात आणि मद्याचे आम्ल करून टाकतात. हे काम जिवंत जंतूंचे आहे, हे फ्रान्समध्ये लुई पाश्चर याने १८६० नंतरच्या दशकात प्रयोगांनी दाखविले. त्याचे व्हिनेगरवरचे पुस्तक १८६८ सालचे आहे. बाटलीच्या तळाशी जो गढूळ तंतूंसारखा गाळ दिसतो, ज्याला विकणारे लोक मोठ्या आदराने ‘मदर’ म्हणतात, तो या जंतूंचा आणि त्यांनी केलेल्या तंतूंचा गोळा. तयार व्हिनेगरात शंभर भागांत सुमारे पाच भाग आम्ल. बाकीचे बहुतेक सगळे पाणी. आमच्याकडे गोव्यात माडाच्या ताडीचे व्हिनेगर शतकानुशतके होत आले आहे आणि तेथले स्वयंपाकघर त्याच्यावाचून चालत नाही. पण गोव्यातल्या कोणा आजीने ते वजनाचे औषध म्हणून विकल्याचे आमच्या ऐकिवात नाही. ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसच्या नावावरच्या ग्रंथांत मध आणि व्हिनेगर यांचे मिश्रण औषध म्हणून सांगितलेले आहे. म्हणजे कल्पना जुनी. परंतु आज जी बाटली शहरातल्या दुकानातून तीनचारशे रुपयांना विकली जाते, तिच्या कीर्तीचा उगम शोधू गेल्यास आपण ग्रीसला न जाता अमेरिकेतल्या एका लहानशा गावी पोचतो. आणि तेथे पोचल्यावर आमच्यासारख्या युनियनच्या माणसाला आश्चर्याचा धक्काच बसतो.

गावाचे नाव बॅरी, व्हरमाँट राज्यातले. तेथे डिफॉरेस्ट क्लिंटन जार्व्हिस नावाचे डॉक्टर विसाव्या शतकाच्या आरंभापासून डोळे, कान, नाक, घसा यांची चिकित्सा करीत. १९५८ साली त्यांनी लोकवैद्यकावर एक पुस्तक लिहिले. व्हरमाँटचे शेतकरी काय खातात, काय पितात, त्यांच्या गाई आजारी का पडतात, हे त्यांनी वर्षानुवर्षे पाहिले होते. त्यावरून त्यांनी असा सिद्धान्त बसविला की, माणसाच्या शरीराला आम्लाची गरज आहे आणि पोटॅशियमची उणीव ही पुष्कळ दुखण्यांच्या मुळाशी आहे. उपाय म्हणजे पेलाभर पाण्यात दोन चमचे सफरचंदाचे व्हिनेगर आणि दोन चमचे मध. सांधेदुखीपासून थकव्यापर्यंत सगळ्यांवर हेच. वजनावरही हेच. पुस्तकाच्या लाखो प्रती खपल्या आणि महिनोन् महिने ते अमेरिकेतल्या सर्वाधिक खपाच्या यादीत राहिले.

लगोलग बाजाराला जाग आली. मध आणि व्हिनेगर एकत्र केलेल्या तयार बाटल्या निघाल्या. १९६० च्या सुमारास तेथल्या अन्न व औषध प्रशासनाने अशा बाटल्या जप्त केल्या. एक खटला १९६४ साली वरच्या न्यायालयापर्यंत गेला, आणि तो आम्हांला फार बोधप्रद वाटला. दुकानात बाटली आणि जार्व्हिस यांची पुस्तके दोन्ही विकावयास होती. बाटलीवर रोगाचे नाव नव्हते. सगळे दावे पुस्तकात. सरकारचे म्हणणे, पुस्तक हीच बाटलीची चिठ्ठी समजा. न्यायालयाने ते मानले नाही. पुस्तक ते पुस्तक, चिठ्ठी ती चिठ्ठी. आज आमच्या ताईंच्या बाटलीवरही ‘मधुमेह बरा होतो’ असे कोठे छापलेले नाही. ते त्यांना मोबाईलवरच्या एका हसऱ्या माणसाने सांगितले. बाटली गप्प आणि बोलणारा दुसराच, ही युक्ती साठ वर्षांची आहे.

आता जार्व्हिस यांच्या सिद्धान्ताकडे पाहू. माणूस म्हणून ते खोटे होते असे आम्हांला वाटत नाही. त्यांनी डोळे उघडे ठेवून पाहिले, पण पाहिलेल्यावरून उडी मोठी मारली. आम्लाचीच गोष्ट घ्या. आपल्या पोटात जे आम्ल असते ते व्हिनेगरपेक्षा तीव्र असते. आणि रक्ताची आम्लता फुफ्फुसे आणि मूत्रपिंडे इतक्या अरुंद मर्यादेत सांभाळीत असतात की, दोन चमच्यांनी ती हलावयाची नाही. हलली तर माणूस अतिदक्षता विभागात असेल. राहिले पोटॅशियम. शंभर ग्रॅम व्हिनेगरमध्ये ते सुमारे ७३ मिलिग्रॅम, म्हणजे मोठ्या चमच्यात दहाअकरा. एका केळ्यात चारशेच्या आसपास. पोटॅशियमच हवे असेल तर ते स्टँडवरच्या केळीवाल्याकडे कितीतरी स्वस्त मिळते.

वजनाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे, कारण तेथे प्रयोग झालेले आहेत. २००९ साली जपानात दीडशेवर लठ्ठ माणसांवर बारा आठवड्यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. रोज १५ मिलिलिटर व्हिनेगर घेणाऱ्यांचे वजन सव्वा किलोच्या आसपास उतरले, ३० घेणाऱ्यांचे दोन किलोच्या आसपास. प्रयोग व्हिनेगर बनविणाऱ्या कंपनीच्याच संशोधकांनी केला होता. तेवढ्यावरून तो खोटा ठरत नाही. पण मालकाच्या हिशेबनिसाने काढलेला नफातोटा आम्ही जसा दोनदा तपासून घेतो तसा तो घ्यावा. आणि तो खरा धरला तरी हाती काय येते? तीन महिने रोज आंबट पिऊन दीडदोन किलो.

मग २०२४ साली लेबनॉनमधल्या संशोधकांचा एक निबंध ब्रिटनमधल्या नावाजलेल्या वैद्यकीय संस्थेच्या नियतकालिकात आला. बारा ते पंचवीस वयाची १२० माणसे. तीन महिन्यांत सहा ते आठ किलो वजन उतरले! जगभरच्या वर्तमानपत्रांनी ही बातमी उचलली. आमच्या कारखान्यात बाटल्या वाटल्या गेल्या त्याच्या नंतरची ही गोष्ट. व्यवस्थापनाच्या एका अधिकाऱ्याने ते कात्रण आम्हांला अगत्याने आणून दिले. “पाहा साहेब, आमचं चुकलं नव्हतं.” आम्ही गप्प बसलो, काय बोलणार? पण संख्याशास्त्र जाणणारी मंडळी त्या आकड्यांच्या मागे लागली. मूळ आकडे तपासले गेले. निबंधातली उत्तरे पुन्हा निघेनात. आकडेवारीत विसंगती सापडल्या. प्रयोगाची आगाऊ नोंदणीही झालेली नव्हती. लेखकांनी या प्रामाणिक चुका असल्याचे सांगितले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तो निबंध मागे घेण्यात आला. हे दुसरे कात्रण आम्ही त्या अधिकाऱ्याला नेऊन दिले. त्याने ते घडी करून खिशात घातले. पहिले कात्रण कारखान्याच्या फलकावर महिनाभर होते. दुसरे कधी लागले नाही.

पण खऱ्याला खरे म्हटले पाहिजे. भात, ब्रेड असल्या पिठूळ जेवणाबरोबर व्हिनेगर घेतले, तर जेवणानंतर रक्तातली साखर काहीशी कमी चढते, असे प्रयोगांत दिसले आहे. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात असा एक प्रयोग २००४ साली झाला होता. जठरातून अन्न पुढे सरकण्याचा वेग आम्लामुळे मंदावतो, हे त्याचे एक कारण सांगतात. म्हणजे कांद्याच्या कोशिंबिरीवर चमचाभर घातले तर वावगे काही नाही. परंतु ज्या मधुमेह्याचे जठर रोगामुळे आधीच मंद झाले आहे त्याला हेच बाधते. स्वीडनमध्ये २००७ साली अशा रुग्णांवर ते पडताळून पाहिले गेले. आणि अतिरेक झाला तर काय होते, तेही नोंदलेले आहे. ऑस्ट्रियातली अठ्ठावीस वर्षांची एक बाई सहा वर्षे रोज पाव लिटर सफरचंदाचे व्हिनेगर पीत होती. १९९८ सालच्या नोंदीप्रमाणे तिच्या रक्तातले पोटॅशियम खाली गेले आणि हाडे ठिसूळ झाली. पोटॅशियम मिळावे म्हणून जार्व्हिस यांनी सांगितलेली हीच ती वस्तू! हॉलंडमध्ये पंधरा वर्षांच्या एका मुलीचे दात रोजच्या पेलाभर व्हिनेगरने झिजले, ती नोंद २०१२ ची. आमच्या ताई या जगभरच्या मालिकेत शेवटच्या, एवढेच. त्यांची नोंद कोणी घेतली नाही, म्हणून आज येथे करीत आहोत.

ओघात आमची स्वतःचीही नोंद करतो. वाचण्याच्या भरात आम्ही एक बाटली आणली आणि दोन महिने घेऊन पाहिले, पाण्यातून आणि नळीने. वजन ८४ होते ते साडेब्याऐंशीवर आले. आमचा विश्वास बसू लागला. मग आमच्या घरातून आवाज आला, “अहो, ते आंबट प्यायला लागल्यापासून तुम्ही रात्रीचा दुसऱ्यांदा भात घेत नाही, ते कोण मोजणार?” दिवाळीनंतर काटा पुन्हा चौऱ्याऐंशीवर.

आता त्या बॅरी गावाकडे परत जाऊ. आश्चर्याचा धक्का म्हणालो तो तेथे आहे.

बॅरी हे साधे खेडे नव्हे. ते ग्रॅनाइटचे गाव. थडग्यांचे आणि स्मारकांचे दगड घडविण्यासाठी इटलीतल्या करारा भागातून आणि स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनहून तेथे कसबी पाथरवट आले. सोबत त्यांनी आपले विचारही आणले. १९०० साली इटालियन कामगारांनी स्वतःच्या हातांनी तेथे समाजवादी मजुरांचे सभागृह बांधले. ते आजही उभे आहे. १९१२ साली लॉरेन्स गावच्या गिरणी कामगारांचा मोठा संप चालू असताना संपकऱ्यांची मुले बॅरीच्या कामगारांनी आपल्या घरी ठेवून घेतली. असे ते गाव.

विसाव्या शतकाच्या तोंडावर तेथे दाबाच्या हवेवर चालणाऱ्या छिन्न्या आल्या. काम झपाट्याने होऊ लागले, आणि धूळही तितक्याच झपाट्याने उडू लागली. थंडीसाठी शेड बंद; धूळ आतल्या आत. ग्रॅनाइटमध्ये सुमारे पाव हिस्सा गारगोटीचा असतो. त्या गारगोटीची डोळ्यांना न दिसणारी धूळ छातीत बसली की फुफ्फुसात गाठी धरतात, तो सिलिकोसिस. त्यावर क्षय चढतो आणि चाळिशीपन्नाशीतला माणूस जातो. बॅरीच्या होप नावाच्या दफनभूमीत पाथरवटांनी आपल्या सोबत्यांची थडगी आपल्याच हातांनी घडविलेली आहेत. तेथे १९३७ साली सिलिकोसिसने वारलेल्या लुई ब्रुसा या कारागिराचे स्मारक आहे. त्यात बायकोच्या आधाराने टेकलेला, मरणाच्या दारातला पाथरवट कोरला आहे. तो कोरतानाही धूळ उडालीच असेल, हा विचार आमच्या मनातून जात नाही.

आणि जार्व्हिस? ते याच गावचे डॉक्टर. १९२१ साली त्यांनी ग्रॅनाइट कामगारांच्या छातीच्या क्ष-किरण छायाचित्रांचा अभ्यास वैद्यकीय नियतकालिकात छापला होता. म्हणजे धूळ माणसाच्या छातीत कशी दिसते ते त्यांनी अमेरिकेत लवकर पाहिले. पण जगाने त्यांना ओळखले ते त्या छायाचित्रांसाठी नव्हे. जगाने त्यांच्याकडून बाटली घेतली.

बॅरीचे कामगार मात्र बाटलीने वाचले नाहीत. १९२२ साली तेथे मोठा संप झाला, तो मालकांनी बाहेरून माणसे आणून मोडला. १९३३ साली पुन्हा संप, सैनिक आले. एका बाजूने सरकारी डॉक्टर धूळ मोजीत होते, दुसऱ्या बाजूने युनियन झगडत होती. अखेर १९३७ च्या सुमारास तोडगा निघाला आणि पुढच्या दोनतीन वर्षांत शेडाशेडांतून छिन्नीच्या तोंडाशीच धूळ ओढून घेणारे नळ बसले. त्यानंतर कामाला लागलेल्या पिढीत सिलिकोसिसचे मृत्यू जवळजवळ थांबले. या नळांवर कोणी लाखो प्रती खपणारे पुस्तक लिहिले नाही.

हे वाचताना आम्हांला अभिमान वाटावयास हवा होता. वाटला नाही, लाज वाटली. का, ते सांगतो.

युनियनमध्ये पूर्ण वेळ येण्यापूर्वी आम्ही एका फौंड्रीत कामाला होतो. साचे वाळूचे; वाळू म्हणजे तीच गारगोटी. ओतलेला माल साच्यातून काढून घासावयाचा ते फेटलिंग खाते म्हणजे धुळीचा धूर. तेथल्या कामगाराला रोज पन्नास ग्रॅम गूळ मिळे. गूळ खाल्ला की छातीतली धूळ उतरते, हा समज आमच्या बापजाद्यांपासूनचा. कित्येक कारखान्यांत असा गूळ वाटला जाई. धूळ श्वासनळीत जाते आणि गूळ अन्ननळीत, हे दोन रस्ते निराळे आहेत, एवढे शारीर शाळेच्या पुस्तकात असूनही आम्हां कोणाच्या ध्यानात आले नाही. १९९८ सालच्या मागणीपत्रात आम्ही दोन कलमे घातली होती. एक, गूळ पन्नासचा शंभर ग्रॅम करावा. दुसरे, फेटलिंगमध्ये धूळ ओढणारी यंत्रणा बसवावी. वाटाघाटीत मालक म्हणाले, दोन्हींपैकी एक घ्या. आम्ही गूळ घेतला. त्या दिवशी फाटकावर आम्हांला हार घातले.

हार घालणाऱ्यांत आमचा फेटलिंगमधला एक जोडीदार होता. पुढे त्याला खोकला लागला. पाच वर्षे क्षयाचे औषध चालले, उतार पडेना. शेवटी मोठ्या इस्पितळात खरे निदान झाले, तोवर उशीर झाला होता. २००९ साली तो गेला, वय सेहेचाळीस. शेवटी भेटावयास गेलो तेव्हा त्याने आम्हांला विचारले, “मी तर रोज गूळ खाल्ला ना रे? एक दिवस चुकवला नाही.” आमच्यापाशी उत्तर नव्हते.

म्हणून पॅकिंगच्या ताई गालावर हात धरून कचेरीत बसल्या, तेव्हा त्यांना हसण्याचा आम्हांला अधिकार नव्हता. ‘हे तर फळाचं आहे’ आणि ‘मी तर रोज गूळ खाल्ला’ यांत अंतर किती?

या खेपेस आम्ही वेगळ्या रीतीने बसलो. बायकांना विचारले, दिवसभरात काय खाता, केव्हा खाता, किती झोपता? उत्तरे कचेरीतल्या वहीत लिहून घेतली. रात्रपाळीत उपाहारगृह बंद. चहा, फरसाण आणि वडापाव एवढेच. पाळी दर तीन दिवसांनी बदले, त्यामुळे झोपेचा ठिकाणा नाही. त्या वेळी लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना कायद्यात पाच तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची सुट्टी होती. प्रत्यक्षात पट्टा थांबवीत नसत, म्हणून पाळीपाळीने पंधरा मिनिटांत उभ्यानेच खावे लागे. एकीने सांगितले, “गोड खाल्लं की झोप उडते, म्हणून बिस्किटं.” पट्ट्यावरचीच बिस्किटे. अशा पोटात सकाळी दोन चमचे व्हिनेगर काय करणार?

वाटाघाटी चार महिने चालल्या. रात्रपाळीला गरम जेवण, म्हणजे पोळी, उसळ, भाजी, ताक, हे मिळाले. अर्धा तास पूर्ण मिळू लागला. पहिल्या आठवड्यात पट्टा थांबला तेव्हा त्या शांततेनेच बायका बावचळल्या म्हणे. पाळी आता पंधरवड्याने बदलते. बसण्यासाठी उंच स्टुले मागितली होती, ती नाकारली गेली. तो वाद चालू आहे. वजनांची यादी फलकावर लावणार नाही, असे लेखी घेतले. मिक्सर कोणाला मिळाला ते सांगावयाचे राहिलेच. फाटकावरच्या एका रखवालदाराला मिळाला. त्याचे वजन नऊ किलो उतरले होते. त्याला मधल्या काळात विषमज्वर झाला होता.

ताईंच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या आणि साखर ताब्यात आली. दोन दात भरून घ्यावे लागले. वजन किती उतरले ते आम्ही विचारले नाही. आता त्या नेमाने जेवतात आणि झोपतात एवढे त्यांनी आपण होऊन सांगितले. उरलेली अर्धी बाटली त्यांनी चहाच्या किटलीतला क्षार काढावयास वापरली, आणि त्या कामाला ती फार उत्तम आहे असे त्यांचे म्हणणे आहे.

आमच्या जुन्या फौंड्रीत २०११ साली फेटलिंग खात्यात धूळ ओढणारे नळ बसले. गूळ अजून मिळतो, शंभर ग्रॅमच. गेल्या वर्षी आम्ही तेथे गेलो आणि म्हणालो, आता हा गूळ बंद करून त्या पैशांत दरवर्षी छातीची तपासणी मागू या. तपासणीला सगळ्यांनी माना डोलावल्या. गुळाचे नाव काढताच जुने कामगार चिडले. एकजण म्हणाला, “दादा, तो औषध नाही हे कळलं आम्हांला. पण चार वाजता गोड लागतो, राहू द्या.” आम्ही मागणीपत्रातले ते वाक्य खोडले.